डॉक्टर, मी तंबाखू खात नाही हो!

खुर्चीत टेकल्या टेकल्या काकांनी पहिलं वाक्य हेच टाकलं. मी अजून हातमोजे चढवत होते. काकू शेजारी उभ्या. स्टूल पुढे केलं तरी बसल्या नाहीत. पर्स पोटाशी घट्ट धरलेली आणि नजर माझ्या हातातल्या छोट्या आरशावर, जणू निकाल त्यातच लागायचा होता.

काका बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. आमच्या सांगलीकडे तपकिरी दात म्हणजे मावा, याला वेगळा पुरावा लागत नाही. काकूंचा संशय असा, की हे सकाळी आमराईत फिरायला जातात ते फिरायला नव्हेच, वाटेत कुठली तरी पानटपरी आहे. "पस्तीस वर्षं बघतेय मी ह्यांचे दात. चांगले होते. आत्ताच कशानं काळे पडले?" हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता.

मी आरसा आत सरकवला. खालच्या पुढच्या सहा दातांची आतली बाजू, जिभेला लागते ती, गडद तपकिरी. दातादातांच्या फटींत काळ्या रेघा. पण गालाकडची बाजू बरीच स्वच्छ, हिरडी गुलाबी. मावा किंवा तंबाखू ठेवणाऱ्याची तोंडात एक ठरलेली जागा असते. गालाच्या एका कोपऱ्यात कातडी पांढुरकी, सुरकुतलेली दिसते, तिथली हिरडी खाली सरकलेली असते. तसलं काही नव्हतं.

"काका, चहा कसला पिता?"

"कोरा. लिंबू पिळून. शुगर निघाल्यापासून दुधाचा बंद केलाय."

"किती?"

काका काकूंकडे बघायला लागले. उत्तर काकूंनी दिलं. थर्मास भरून. सकाळी आठला भरायचा, पेपर, मग मोबाइल, मग बँकेतल्या जुन्या मित्रांचे फोन, आणि प्रत्येक वेळी झाकणभर. बारा वाजता थर्मास रिकामा.

"मावा नाही काकू, चहा आहे," मी म्हटलं. काकूंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तीन महिन्यांची तपासणी फुकट गेल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

चोवीस वर्षं मी या गावात दात बघतेय. डाग घेऊन येणारा माणूस आधी सफाई देतो, मग तोंड उघडतो. "मी दोन वेळा ब्रश करतो", "आमच्याकडे कुणी पान खात नाही", "पेस्ट बदलली तेव्हापासून झालंय". डाग म्हणजे व्यसन, निदान आळस, असं आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय, की साध्या चहाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आता हे होतं कसं ते सांगते. मुळात दात पांढरा नसतो. दाताचं बाहेरचं आवरण, इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनानं ९६ टक्के नुसतं खनिज. पण ते चुन्यासारखं पांढरं नसून दुधी काचेसारखं असतं, त्यातून आतलं दिसतं. आत असतं डेंटीन, आणि त्याचा रंग पिवळसर. म्हणजे आपण ज्याला दाताचा रंग म्हणतो तो बराचसा आतल्या पिवळ्याचा असतो. वय वाढतं तशी वरची काच झिजून पातळ होते, आतलं डेंटीन जाड होतं, आणि साठीतला दात विशीतल्या दातापेक्षा पिवळा दिसतो. यात कुणाचा दोष नाही.

दुसरी गोष्ट लाळेची. तुम्ही ब्रश करून चूळ भरता, दात अगदी कोरा होतो, आणि काही मिनिटांत लाळेतली प्रथिनं त्यावर एक पातळ पापुद्रा धरतात. पुस्तकात त्याला पेलिकल म्हणतात, मी पेशंटना लाळेची साय म्हणून सांगते. दुधावर धरते तशीच, फक्त डोळ्यांना न दिसणारी. ती वाईट नाही. आंबटापासून दाताला ती थोडं वाचवते. पण चहाचा, जांभळाचा, पानाचा रंग धरतो तो आधी या सायीवर. म्हणून नवा डाग पॉलिश केल्यावर निघून जातो. साय तशीच राहिली, तिच्यावर जंतूंचा थर चढला, त्यात लाळेतला चुना बसून कीटण झालं, की मग तो रंग दगडात मुरल्यासारखा होतो.

रंग धरतो कोण? इथं आपल्या भाषेनं मोठी सोय करून ठेवली आहे. तुरट हा शब्द आपल्याकडे सहा रसांत आहे. कोरा चहा प्यायलात, कच्चं जांभूळ खाल्लंत, सुपारी चावलीत, काजूचं बोंडू खाल्लंत, की जीभ आखडल्यासारखी होते, तोंड कोरडं पडतं. ते का? या पदार्थांत टॅनिन असतात, आणि टॅनिनांना प्रथिनांची भारी ओढ. लाळेतली गुळगुळीत प्रथिनं ती पकडून ठेवतात, जिभेवरचं वंगण जातं, आणि आपण म्हणतो 'तुरट लागतंय'. हीच पकड दातावरच्या सायीवरही बसते. म्हणजे एखादा पदार्थ डाग पाडेल का, हे जिभेनं तुम्हाला आधीच सांगितलेलं असतं. तुरट आणि गडद, दोन्ही असेल, तर पाडणार.

दुसरा रस आंबट. आंबट स्वतः फारसा रंग देत नाही, पण रंगाला जागा करून देतो. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला, की इनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं. लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरात, कोला अडीचच्या आसपास. वरचा थर मऊ होतो, खरखरीत होतो, आणि घासलेल्या फरशीपेक्षा खडबडीत फरशीवर डाग कसा बसतो हे घरात फडकं मारणाऱ्या कुणालाही विचारा. काकांनी सकाळी आठ ते बारा नेमकं हेच केलं होतं. तुरट घेतलं, त्यात आंबट पिळलं, दूध काढून टाकलं आणि घोट घोट करत चार तास दात त्यात भिजवले.

दूध काढून टाकलं, याला एवढं महत्त्व का, ते मला माझ्या मुलामुळे जवळून बघायला मिळालं. तो सातवीत असताना शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ज्वालामुखी करायचा नाही एवढंच त्यानं ठरवलं होतं. माझ्या सासूबाईंनी त्याचे दुधाचे दात एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले होते. खरं तर उंदराच्या बिळात टाकायचे असतात, पण आमच्या फ्लॅटमध्ये बीळ कुठून आणणार. त्यातले तीन पुढचे दात आम्ही घेतले. काचेचे तीन पेले. एकात कोरा चहा, दुसऱ्यात तोच चहा दूध घालून, तिसऱ्यात कोऱ्या चहात अर्धं लिंबू. साखर कशातच नाही. एक दिवस एक रात्र ठेवले.

दुधाच्या चहातला दात चिमट्यानं बाहेर काढला, पुसला. थोडा सायीच्या रंगावर गेला होता, एवढंच. कोऱ्या चहातला दात बदामी झाला होता, आणि त्याच्यावरच्या ज्या बारीक चिरा एरवी भिंगाशिवाय दिसल्या नसत्या त्या पेन्सिलीनं ओढल्यासारख्या उठून आल्या होत्या. गंमत तिसऱ्याची. लिंबू पिळल्यावर चहाचा रंग उतरतो, पेल्यात तो तिघांत सगळ्यात फिका, सोनेरी, मोठा सात्त्विक दिसत होता. दात बाहेर काढला तर त्याची चकाकीच गेलेली. मॅट. मुलानं नखानं ओरखडा काढला आणि नखाला खडूसारखी पांढरी भुकटी लागली. तो माझ्याकडे बघतच राहिला. मीसुद्धा पुस्तकात शंभरदा वाचलेलं होतं, पण नखाला लागलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. टॅनिनला प्रथिनं हवीच असतात, ती त्याला कपातच मिळतात. दाताकडे यायला टॅनिन फारसं मोकळं राहत नाही. दूध घातल्यावर चहाचा तुरटपणा जातो तो याचमुळे. कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठात काढलेले मानवी दात चोवीस तास चहात ठेवून हे नीट मोजलं गेलं आहे. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे अमृततुल्यवाल्याच्या पातेल्यात जे उकळतं, ते डागांच्या बाबतीत कोऱ्या चहापेक्षा किंवा नुसत्या डिकॉक्शनपेक्षा सभ्य आहे.

मुलानं मात्र प्रयोगाच्या तक्त्यापुढे उभं राहून मलाच विचारलं, "पण आई, पेल्यात लाळ कुठाय?" बरोबर होतं. तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते. ती आंबट धुऊन काढते, सुटलेलं खनिज थोडंफार परत बसवते. पेल्यातला दात बिचारा एकटा होता. तोंडातल्या दाताला मदत असते, मात्र ती पोचायला मध्ये उसंत मिळावी लागते. एक कप दहा मिनिटांत पिऊन संपवलात तर लाळ तासाभरात सगळं आवरून ठेवते. थर्मासमधून दर वीस मिनिटांनी एक झाकण, म्हणजे तिनं झाडून घ्यायचं आणि तुम्ही पुन्हा चिखलाचे पाय घेऊन यायचं. उतारवयात लाळ कमी होते, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही होते. तेव्हा हा हिशेब आणखी बिघडतो.

अमृततुल्याचं कौतुक केलं म्हणून कुणी सहा कप प्यायला लागू नका. त्यात साखर असते, आणि साखर डाग पाडत नसली तरी कीड लावते. डाग मी वीस मिनिटांत काढून देते. कीड लागलेला दात मला परत उगवून देता येत नाही.

सांगलीत बसून दातांच्या रंगावर बोलायचं आणि हळदीचं नाव काढायचं नाही, हे शक्य नाही. आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हंगामात मार्केट यार्डाच्या बाजूनं रिक्षा वळली की नाकाला पत्ता कळतो. पेशंट विचारतात, हळदीनं दात पिवळे होतात का? बहुतेक नाही. हळदीतल्या रंगाचं, कुर्कुमिनचं, पाण्याशी जमत नाही. त्याला तेल-तूप लागतं, आणि प्लास्टिक लागतं. भाजी स्टीलच्या डब्यातून धुऊन जाते, प्लास्टिकच्या डब्याला जन्माची चिकटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तोंडात तेच होतं. नैसर्गिक दात हा स्टीलचा डबा समजा, आणि दाताच्या रंगाचं जे 'सिमेंट' आम्ही पुढच्या दातात भरतो ते प्लास्टिकच्या घराण्यातलं. ते पिवळं पडतं, चहानं तपकिरी होतं, आणि दात तसाच राहिल्यामुळे मधलं ठिगळ उठून दिसतं.

याचा कळस म्हणजे तारा लावलेली मुलं. तारेवर प्रत्येक दाताशी एक बारीक रबराची कडी असते. कॉलेजच्या मुलींना ती पारदर्शक हवी असते, दिसू नये म्हणून. एक जण मंगळवारी लावून गेली, शनिवारी रडवेली होऊन आली. मधे मामेभावाचं लग्न झालं होतं. मसालेभात, तर्रीची मिसळ, पंगतीत आग्रह. सगळ्या कड्या झेंडूच्या रंगाच्या. दात स्वच्छ, आणि प्रत्येकाच्या पोटावर एक पिवळी टिकली. मी कड्या बदलून दिल्या, या वेळी करड्या. आता कुणीही तारा लावायला आलं, की रंगांचं पान पुढे करताना आधी विचारते, "घरी जेवण तिखटाचं असतं ना? मग निळा घे, नाहीतर करडा."

कपड्यावर हळद सांडली तर साबण लावल्या लावल्या डाग लाल होतो आणि उन्हात वाळवला की उडतो. कुर्कुमिनला अल्क आणि ऊन दोन्ही सोसत नाही. हे ऐकून त्या मुलीनं विचारलं होतं, "मग मॅडम, मी गच्चीवर तोंड उघडून बसू का?" आमची असिस्टंट ट्रे टाकून बाहेर पळाली.

आता एक कबुली. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका बाईंच्या हिरड्यांवर इलाज केला आणि क्लोरहेक्सिडीनचं गुळण्यांचं औषध लिहून दिलं. जंतू मारायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं औषध हाताशी नाही. गुण असा, की गुळणी थुंकून टाकल्यावरही ते दाताला, हिरडीला तासन्‌तास धरून राहतं. दोष तोच. धरून राहताना ते चहा-कॉफीतले रंग जवळ ओढतं. मी हे सांगायला विसरले, आणि किती दिवस घ्यायचं हेही नीट लिहिलं नाही. बाई दीड महिन्यानं आल्या. हिरड्या सुंदर, दात चॉकलेटी. "तुमच्या औषधानं माझं तोंड काळं केलं," म्हणाल्या, आणि शब्दशः खरं होतं ते. मी फी न घेता सगळं साफ करून दिलं. तेव्हापासून चिठ्ठीवर औषधाखाली मी मोठ्या अक्षरात लिहिते: फक्त १४ दिवस. गुळणी आणि चहा यांत तासाचं अंतर.

लोहाच्या पातळ औषधाचंही असंच. आई घाबरून तीन वर्षांचं पोर घेऊन येते, सगळे दात किडले म्हणून. बघावं तर काळा थर नुसता वरचा, खाली दात ठणठणीत. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळं होतं, ही रंगाऱ्यांची जुनी विद्या. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की कापड काळं रंगतं. जपानमध्ये बायका याच विद्येनं दात काळे करून घेत. लोखंडाचे तुकडे शिर्क्यात मुरवायचे आणि त्यात टॅनिनची पूड मिसळायची. तिथं ती चाल सौंदर्याची आणि लग्न झाल्याची खूण होती. १८७० मध्ये सरकारनं खानदानी घराण्यांना ती बंद करायला लावली. लांब कशाला जा, आपल्याकडेही दातवण लावून दात काळेभोर ठेवणाऱ्या बायका होत्याच. काळा दात म्हणजे घाण, हे सगळीकडे आणि सदासर्वकाळ खरं नव्हतं. पोराला औषध देताना ते दातांना न लागेल असं जिभेच्या मागे सोडायचं, मोठ्या मुलाला स्ट्रॉनं द्यायचं, वर पाणी पाजायचं. औषध बंद करायचं नाही.

माझी आजी कवठेमहांकाळकडची. तिचेही दात काळे होते, पण दातवणानं नाही, मशेरीनं. आठवड्याला एकदा ती तव्यावर तंबाखू भाजायची. घरभर ठसका. काळी झाली की हातानं चुरून पत्र्याच्या डबीत भरायची. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर कायमचं तपकिरी, लुगडं बदललं तरी तो रंग बदलत नसे. मी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला पुस्तक उघडून चित्रं दाखवली. तिनं शांतपणे बघितली आणि म्हणाली, "मशेरी लावल्याबिगर परसाकडं होत न्हाई बाई." तिच्या पुढच्या दातांच्या हिरड्या मुळापर्यंत सरकल्या होत्या. दात लांबलचक दिसायचे, आणि मग एकेक हलून गेले. मी आजवर हजारो लोकांचे दात साफ केले असतील. तिनं मला एकदाही तोंडात हात घालू दिला नाही.

म्हणून मला चहाच्या डागाची भीती वाटत नाही, पण पान, सुपारी, मावा, मशेरीच्या डागापुढे मी थांबते. काथाचा लाल, सुपारीचा तपकिरी, हे रंग पॉलिशनं निघतात. त्या रंगामागे गालात काय चाललंय ते बघायचं असतं. तंबाखू तर सोडाच, नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ठरवून वीस वर्षांवर काळ लोटला. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. माझ्या खुर्चीत तोंड तीन बोटंही उघडत नाही असे पंचविशीतले पोरगे अजून बसतात. तिथं मी दात पांढरे करायचं बोलत नाही. आधी गाल.

काही डाग मात्र खाण्याचे नसून पाण्याचे असतात, आणि ते घासून जात नाहीत. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असलेला यवतमाळकडचा एक मुलगा आला होता, भरतीच्या वैद्यकीय तपासणीआधी दात साफ करून द्या म्हणून. पुढच्या दातांवर आडवे खडूसारखे पट्टे आणि मधे तपकिरी ठिपके. त्याच्या गावात सगळ्या मुलांचे असेच. यवतमाळ, चंद्रपूर भागांत काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, ते पाणी पोटात जात राहिलं, की रंग इनॅमलच्या घडणीतच जातो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एका दंतवैद्यानं १९०१ मध्ये असे दात पहिल्यांदा बघितले, आणि कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं. त्या मुलाला मी म्हटलं, हा डाग तुझ्या सवयीचा नाही, तुझ्या गावच्या हापशाचा आहे. तो म्हणाला, "पण मॅडम, समोरच्याला ते कसं सांगू?"

ज्यांना खरंच काही करायची गरज नसते तेच जास्त करतात, असा माझा अनुभव. मोबाइलवर बघून लिंबाच्या सालीला खायचा सोडा लावून दात घासणारे आठवड्याला एक तरी येतात. पहिल्या दिवशी पांढरे दिसतात, हो. माझ्या मुलाच्या तिसऱ्या पेल्यातला दातही पांढराच दिसत होता. ती चकाकी उडाल्याची पांढरट झाक. महिन्याभरात चहा त्या खरखरीत दातावर दुप्पट जोमानं बसतो, आणि मग दात शिवशिवायला लागतात. कोळशाची पेस्ट, राखुंडी, वीट, गेरू यांनी डाग निघतो तो खरवडून. डागासोबत काच जाते आणि आतला पिवळा आणखी जवळ येतो. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करणारे स्वच्छतेचे भोक्ते लोकही हेच करतात. तासभर थांबा. तोवर चूळ भरा. जेवल्यावर खळखळून चूळ भरायची आपली रीत होती, ती हात धुवायचं बेसिन आणि टिश्यू पेपर यांच्या मधे कुठेतरी हरवली. चहानंतर तेवढी एक चूळ भरली तरी माझं निम्मं काम कमी होईल. माझं नुकसान आहे, तरी सांगते.

आणि हो, साफ केल्यानं दात हलत नाहीत. कीटणानं धरून ठेवलेले हलते दात कीटण काढल्यावर हलतात, एवढंच.

ब्लिचिंग करून घ्यावं का? करा, हौस असेल तर. पेरॉक्साइडनं दाताच्या आतला रंग उतरतो, काही दिवस शिवशिवतं, आणि वर्ष-दोन वर्षांत चहा त्याचं काम पुन्हा करतो. कॅप आणि सिमेंट मात्र ब्लिच होत नाही, म्हणून पुढे भरलेला दात असेल तर आधी सांगा. माझ्याकडे रंगांची एक पट्टी आहे, सोळा छटांची. दात तिच्याशी लावून बघायचा. बहुतेकांचा दात मधल्या छटांत येतो. ते ऐकून माणसं खट्टू होतात आणि पट्टीत नसलेला पांढरा मागतात, सिनेमातला. मी त्यांना आरसा देते आणि सांगते, डोळ्यातलं पांढरं बघा. दात त्याहून पांढरा केला, तर समोरचा तुमच्याशी न बोलता दाताशी बोलेल.

काका तीन महिन्यांनी परत आले, या खेपेला एकटेच. थर्मास बंद झाला होता. दोन कप, दूध घालून, साखर नाही, लिंबू जेवणात. खालच्या दातांच्या आत जेमतेम एक पुसट रेघ होती. मी पॉलिश केलं, चूळ भरायला लावली. उठताना ते घुटमळले. दाराकडे बघून हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक काम होतं. तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्याल का? सदर डाग चहाचे आहेत म्हणून."

"काकूंसाठी?"

"तिच्यासाठी नाही हो. तिनं माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मी लिहून दिलं. घडी घालून खिशात ठेवता ठेवता ते थांबले, कागद पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे धरला. "शिक्का राहिला."